जेवणाला मार्क नसतात

"मला अहो-जाहो नको करूस," रोवेना म्हणाली. "मुलाखत दोन वाजता. तोवर आपण एकाच माळेचे मणी."

लाईल प्रुइटने मान हलवली आणि टोमॅटोचं सूप ढवळत राहिला. बाहेर मार्चमधला ओहायो होता, बागेवर मळकं बर्फ. या वनस्पती उद्यानात एका नव्या पीएचडीवाल्याला वर्षभराची संशोधनवृत्ती मिळते. झाडांवर नव्हे, झाडं आणि माणसं यांच्या इतिहासावर. सध्या ती रोवेनाकडे होती. येणाऱ्या उमेदवाराला बाग दाखवायची, जेऊ घालायचं, हेही तिचंच काम.

"पोटभर जेव. जेवणाला मार्क नसतात."

लाईल भला माणूस होता. गुलाम बायकांनी मालकाच्या नजरेआड लावलेल्या परसबागांवर त्याने उमेदीची वर्षं घालवली होती. आता तो तीन कॉलेजांत तासांवर शिकवायचा आणि गाडीतच जेवायचा. पीएचडीला पाच वर्षं झाली की माणूस नवोदित राहत नाही, असा इथला नियम. त्याची पाच या उन्हाळ्यात भरत होती. यानंतर दार बंद, आणि ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"हे नाही मिळालं तर?" रोवेनाने विचारलं.

"मेहुण्याचं फरशांचं दुकान आहे. बायको म्हणते, तिथे तरी जा. तीही थकली गं."

"आणि मिळालं, अन् मध्येच कुठे कायमची नोकरी आली तर?"

लाईलला बऱ्याच दिवसांनी हसू आलं. "चपला हातात घेऊन पळेन. तू नाही पळणार?"

"मी तर चपलाही नाही शोधणार."

दोघं हसले. मग हसू आपोआप ओसरलं.

"माझीही मुदत जूनमध्ये संपते," ती म्हणाली. "अर्ज करून करून जीव विटला. साधा नकारही येत नाही रे."

तिचे डोळे भरून आले, अगदी खरेच. लाईलने आपल्या बिस्किटाचा अर्धा तुकडा तिच्यापुढे सरकवला.

"झाडांच्या लोकांना आपण बोलघेवडे वाटतो आणि विद्यापीठाला माळी," तो म्हणाला. "ना घर का, ना घाट का."

काचघरातून जाताना ती कॅमेलियाच्या फुलझाडापाशी थांबली. "यंदा हिला उशीर झाला. गेली दोन वर्षं फेब्रुवारीतच फुलली होती." मग तिने त्याचा टाय सरळ केला. "जा. उगाच वाकू नकोस."

मुलाखत छान झाली. बाहेर आल्यावर लाईलने तिचे हात घट्ट धरले आणि बायकोला फोन लावत गाडीकडे गेला.

आत समितीच्या अध्यक्ष हार्ग्रोव्हबाईंनी रोवेनाला खुर्ची दिली. "मला तर हाच पसंत आहे. जेवताना काय म्हणाला?"

रोवेना खुर्चीच्या कडेवर टेकली.

"फार गुणी आहे. पण कायमची नोकरी मिळाली तर मध्येच सोडून जाईन म्हणाला. मला वाईट वाटतं."

तिला खरंच वाईट वाटत होतं.

"कालच्या दोघींनीही तुझ्याजवळ हेच कबूल केलं," हार्ग्रोव्हबाई सुस्कारा सोडून म्हणाल्या. "गेल्या वर्षीच्या सगळ्यांनी, आणि त्याच्या आदल्या वर्षीच्यांनीही. मग काय, लायक माणूस मिळेपर्यंत जुन्यानंच राहायचं हा नियम आहे. पुढचंही वर्ष तुझंच, रोवेना."