मरोळला बोटीचे पाहुणे

बसमधून उतरलेल्या गोऱ्या पाहुण्यांनी आत शिरल्या शिरल्या चॉकलेटचा वास छातीभर घेतला. त्यांच्यामागून आलेल्या सफारीतल्या माणसाने मात्र आधी छताकडे बघितलं.

सुलक्षणाने ते बरोबर टिपलं. मरोळच्या त्या चिमुकल्या चॉकलेट कारखान्यात अकरा बायकांवर देखरेख तिची. चॉकलेट नीट वितळलंय की नाही हे ती ओठाला लावून सांगायची, मग माणूस कसा आहे हे तिला कळणार नाही होय?

"हे कापडिया साहेब," नंदकिशोर शेठ म्हणाले. "बोटीच्या कंपनीचे. पाहुणे यांचेच. बायांनो, आजच्या दिवस जरा मनापासून करा. माझी लाज राखा."

बोट सकाळी बंदराला लागली होती. अर्धे उतारू लेणी बघायला गेले आणि हे पंधरा-वीस जण चॉकलेट कसं होतं ते बघायला आणि स्वतःच्या हाताने करायला थेट इकडे अंधेरीला. आता बोला. विलायतेतलं चॉकलेट सोडून मरोळचं बघायला आले. पण सुलक्षणाला त्यांचं काही नव्हतं. तिच्या कानाला खटकलं ते 'बायांनो'. सात वर्षांत शेठने 'ए, चला गं' याच्यापुढे कधी मजल मारली नव्हती.

पाणी कुठेतरी मुरत होतं.

तिने पाहुण्यांना हात धुवायला लावले आणि कोरडे पुसायला लावले. एका म्हाताऱ्या मडमेच्या मनगटावर थेंब राहिला होता, तोही टिपला. "नो वॉटर, मॅडम. वॉटर, चॉकलेट खलास." मडम खुदकन हसली.

तिकडे कापडिया मागच्या भिंतीपर्यंत पावलं टाकत गेला, वहीत काहीतरी लिहिलं आणि परत आला. पाहुण्यांकडे एकदाही बघितलं नाही. द्रौपदीमावशी संगमरवरी लादीवर चॉकलेट पसरत होती, तिच्या हातांकडे मात्र तो पाच मिनिटं टक लावून उभा होता. मग मालनकडे वळला.

"नाव काय? किती वर्षं झाली इथे?"

"मालन. तीन."

"हे शिकायला किती दिवस लागतात?"

"सुलक्षणाताईने शिकवलं तर दोन महिने. नाहीतर जन्म."

तेही त्याने लिहून घेतलं.

सुलक्षणाच्या नवऱ्याच्या, मधुकरच्या, गिरणीतही असंच झालं होतं. संपानंतर एक सफारीवाला आला. मालकाचा पाहुणा म्हणे. पावलं टाकत फिरला, कामगारांची नावं विचारली, किती वर्षं झाली विचारलं. महिन्याभरात गिरणी त्याची झाली, तो आपली माणसं घेऊन आला आणि जुने सगळे गेटबाहेर. तेव्हापासून मधुकर घरीच होता. घर सुलक्षणाच्या पगारावर चालायचं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. हिने का फुंकू नये?

"हा कारखाना घेणार," ती मालनच्या कानात म्हणाली. "आणि आपल्याला घालवणार."

"कायपण काय! शेठला सरळ विचार ना."

तिने विचारलं. "शेठ, हे साहेब खरंच बोटीचे ना?"

शेठने नजर चुकवली. "तू काम बघ, सुलक्षणा. आज फक्त काम बघ."

झालं. आणखी काय पुरावा हवा होता?

"माका ह्या काय बरा दिसना नाय गो," द्रौपदीमावशीही पुटपुटली.

सुलक्षणाने मन घट्ट केलं. सौदा फिसकटला पाहिजे. जिथे माल रोज बिघडतो आणि बायकांना धड काम येत नाही, असला धंदा कोण शहाणा घेईल? तिने माठातल्या पाण्यात बोटं बुडवली आणि भांडं ढवळण्याच्या निमित्ताने वितळलेल्या चॉकलेटवर झटकली. सात वर्षांत हे पाप तिने पहिल्यांदाच केलं. तिला अगदी रडू आलं. दुसऱ्या भांड्याला मालनने तसंच केलं, तिसऱ्याला मावशीने.

बघता बघता चॉकलेटचं गुठळ्या झालेलं पिठलं झालं. साच्यात उतरेना, चमच्याला सोडेना. पाहुण्यांना त्याचंही कौतुक. सुट्टीवरच्या माणसाला काय, सगळीच मजा. त्या म्हाताऱ्या मडमेने तर गोळ्याचा फोटो काढला.

कापडिया हसला नाही. "असं नेहमी होतं?"

"रोजचंच आहे, साहेब," सुलक्षणा म्हणाली. "आमच्या बायकांचे हातच तसे. कितीही शिकवा, पालथ्या घड्यावर पाणी."

"तुम्ही यांच्या मुख्य ना?"

"म्हणायला."

त्याने वही मिटली, दाराशी शेठला दोन वाक्यं सांगितली आणि पाहुण्यांना घेऊन बसमध्ये बसला.

बस वळली तशी मालनने टाळी दिली. "झकास, ताई! त्याची वाट लागली." अकराजणी तोंडाला पदर लावून हसल्या. सुलक्षणाही हसली. गिरणीत हजारो पुरुषांना जमलं नव्हतं ते आम्ही पाण्याच्या चार थेंबांत केलं, असं आज मधुकरला सांगायचं तिने मनात ठरवूनही टाकलं.

शेठ आत आले आणि रिकाम्या खोक्यावर बसले. त्यांचा चेहरा बघून तिला वाईट वाटलं. इतकी वर्षं मीठ खाल्लेल्या माणसाशी खोटं कशाला बोलायचं?

"शेठ, रागावा हवं तर. पाणी मी घातलं, मुद्दाम. या अकराजणींच्या पोटासाठी. तो माणूस कारखाना घ्यायला आला होता, मी ओळखलं. आता नाही घेणार तो."



"कारखाना मी गेल्या महिन्यातच त्यांना विकला, सुलक्षणा," शेठ म्हणाले. "तुम्हाला कामावर ठेवायचं की नाही, एवढंच बघायला ते आज आले होते."