बाबांना न आवडणारा सिनेमा

ताईचा एक लाडका सिनेमा आहे, घोडागाड्यांच्या काळातला. एक शिष्ट सरदार नायिकेला मागणी घालतो, ती त्याला झापते, तो तणतणत निघून जातो आणि शेवटी सुतासारखा सरळ होऊन परत येतो. ताई तो दर रविवारी लावते आणि बाबा दर रविवारी पेपरात तोंड खुपसून कुरकुरतात, “काय हे तेच तेच रडगाणं!”

काल ताईच्या ऑफिसातल्या साहेबाने घरी येऊन, उपकार केल्यासारखी तिला लग्नाची मागणी घातली. ताईने त्याला असं झापलं की तो चहा अर्धा ठेवून तणतणत निघून गेला.

“सोन्यासारखा मुलगा घालवलास!” आईने कपाळाला हात लावला.

“थांब गं जरा,” पेपरामागून बाबा म्हणाले, “आत्ता कुठे मध्यंतर झालंय.”