न खाल्लेला पेढा

समुपदेशक लेले मॅडमनी सहा वर्षांच्या रेवतीच्या कपाळावरची, मन वाचणारी चाचणीची पट्टी सोडली आणि तिला बाहेर झोपाळ्यावर खेळायला पाठवलं. मग त्या तिच्या आईकडे, मुग्धाकडे वळल्या.

"बुद्धी छान आहे. लक्षही चांगलं लागतं."

"निहारपेक्षा?" मुग्धाने लगेच विचारलं. निहार तिच्या जावेचा मुलगा. गेल्या आठवड्यात इथेच त्याची चाचणी छान झाली, तेव्हा जाऊबाईंनी अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले होते.

मॅडमनी पट्टीने टिपलेलं रेवतीच्या मनातलं चित्र समोरच्या भिंतीवर उमटवलं. पेढ्यांचा बॉक्स होता आणि त्याच्याभोवती करपल्यासारखा काळा डाग.

"हा मत्सर," त्या म्हणाल्या.

"असणारच! एवढं मिरवल्यावर पोरीला लागणार नाही का?"

"पण तो तिचा नाही. मुलाच्या मनातली भावना कुणाकडून आली, तेही पट्टी आता दाखवते. रेवतीला निहार आवडतो. तिला तो पेढा खायचा होता."

मुग्धाला आठवलं. रेवतीच्या हातातला पेढा काढून तिनेच कचऱ्याच्या डब्यात टाकला होता. तिचे डोळे भरून आले.

"मग आता काय करायचं?"

"रेवतीला काही नको. तुम्ही यायचं, पट्टी लावून बसायला. सहा शनिवार."

मुग्धाने ओढणीने डोळे पुसले, मान डोलावली आणि उठली. दारापर्यंत जाऊन ती परत वळली.

"मॅडम, जाऊबाईंना किती शनिवार सांगितलेत?"