अजून येऊ दे

“ताई, रिव्हर्स घ्यायची गरजच नाही, गाडीचं तोंड रस्त्याकडेच आहे,” वृद्धाश्रमाचा ड्रायव्हर किल्ली घेत म्हणाला, तेव्हा केतकीचा जीव भांड्यात पडला. रिव्हर्सची ती धून वाजली असती, तर शेजारच्या काकूंकडे मुद्दाम ठेवलेली तिची लेक चिमी “बाबा आला!” म्हणत धावत सुटली असती.

नर्सरीची रोपं पोचवून नवरा संध्याकाळी यायचा आणि पिकअप मागे घेत घेतच अंगणात लावायचा, म्हणजे सकाळी निघायला सोपं. धून ऐकली की केतकी हातातलं टाकून भिंतीपाशी उभी राहायची. “येऊ दे, येऊ दे... बस!”

“बायको केली की कंडक्टर?” तो रोज हसायचा.

तो वारल्यावर गाडी विकायला तिचं मन धजेना, म्हणून तिने ती आश्रमाला देऊन टाकली.

पिकअप फाटकाबाहेर पडली. आता हलकं वाटेल, असं तिला वाटलं होतं. पण ती गाडीमागे धावली.

“दादा, थांबा! एकदा परत आत लावता?”

“आत्ताच तर काढली, ताई!” पण तिच्याकडे पाहून त्याने रिव्हर्स टाकला. धून वाजू लागली. केतकी भिंतीपाशी जाऊन हात वर करून उभी राहिली.

“येऊ दे, येऊ दे... अजून येऊ दे...”

शेजारून चिमीची हाक आली, “बाबा!”

पिकअप भिंतीपासून हातभर अंतरावर आली. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “बस का, ताई?”

तिच्या तोंडून ‘बस’ काही निघेना.