वळणापर्यंतची चाल

“गुडघ्याला पट्टा, कमरेला पट्टा. आता गळ्यात पण एक बांधा आणि मग पळा,” लेक म्हणाली.

मास्तर फुटपाथवर बसून बुटाची नाडी बांधत होते. शाळेतले मास्तर नव्हेत. कपडे शिवायचे, म्हणून मास्तर. आजूबाजूला अर्धं शहर चड्डीवर उभं होतं आणि उरलेलं अर्धं त्यांना हसायला जमलं होतं. वर्षातून एकदा ही मॅरेथॉन व्हायची आणि चौकाचौकात कोणी ना कोणी वाजवायला बसायचं.

“डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, पळायला नाही.”

“मग चालतच पळेन.”

“ऐकलंस मामा?”

मेहुणे खांदे फिरवत होते. “अगं, तुझे बाबा पळायला येतातच कुठे? गाणं ऐकायला येतात. दाजी, यंदा शेवट ऐकूनच या. पण थांबू नका हं! पहिल्या वर्षी नाडी सुटली म्हणून थांबला होतात, आठवतं ना?”

न आठवून सांगतात कोणाला? मेहुण्यांनी ती नाडी पाहुण्यांसमोर काढली होती, दवाखान्यात काढली होती, एकदा तर स्मशानातून परतताना काढली होती. तेव्हापासून मास्तरांनी कानाला खडा लावला. पाय तुटला तरी बेहत्तर, शर्यतीत थांबायचं नाही.

“शेवटचं वर्ष,” ते लेकीला म्हणाले. “पुढच्या वर्षी तू म्हणशील त्या खुर्चीत बसेन.”

गोष्ट त्यांच्या वडिलांच्या चालीची होती. वडीलही शिंपीच. दुकान एवढं अरुंद, की गिऱ्हाईक आत आलं की माप घ्यायला वडिलांना बाहेर जावं लागे. शिवताना ओठांत टाचण्या धरायचे आणि त्यातूनच एक चाल गुणगुणायचे. टाचण्यांमुळे शब्द नाहीत, नुसती चाल. मशिनचं पायडल तिच्यावर चालायचं, इस्त्रीची वाफसुद्धा तिच्या ठेक्यावर निघायची म्हणे. चाल चढत चढत ऐन रंगात यायची आणि नेमकं तिथे काहीतरी व्हायचं. गिऱ्हाईक यायचं, दोरा तुटायचा. चाल तिथेच राहायची. मास्तर लहानपणी मशिनखाली चिंध्यांत बसून शेवटाची वाट बघायचे आणि तिथेच झोपून जायचे. मग एक दिवस वडील गेले, आणि चाल अर्धी ठेवून गेले.

पहिल्या शर्यतीत मास्तरांनी तीच चाल गुणगुणत दम सांभाळला. दुसऱ्या वर्षी बेकरीसमोरच्या लांबलचक रस्त्यावर शिरले आणि अंगावर काटा आला. तिथे स्टुलावर बसलेली एक बाई अकॉर्डियनवर तीच चाल वाजवत होती! जगात आणखी कोणाला तरी ती येत होती. म्हणजे शेवटही येत असणार.

पण मास्तर तेव्हा तरणेबांड. निम्मी चाल कानावर पडेपर्यंत रस्ता संपला. वळणापलीकडे ड्रमवाली पोरं होती, आणि ती असं बडवायची की दुकानांच्या शटरना हुडहुडी भरायची. शर्यत संपवून धापा टाकत परत आले, तर नुसतं स्टूल. वाजवणाऱ्यांना बाहेरगावाहून गाडीने आणत आणि तसंच परत नेत.

मग दरवर्षी तेच. फरक एवढाच, की मास्तरांचं वय वाढलं, वेग उतरला आणि चाल थोडी थोडी जास्त ऐकू यायला लागली. लोक म्हातारपणाला शिव्या देतात. मास्तर प्रत्येक नव्या दुखण्याचं स्वागत करत. गेल्या वर्षी ते इतके हळू धावले, की बेकरीसमोरच्या कबुतरांनी त्यांना मागे टाकलं. तरी वळण आलंच.

यंदा ते सगळ्यांच्या मागे राहिले. त्यांच्याही मागून शेवटची गाडी येत होती. ती पुढे गेली, की मागे उरलेला बाद. इतक्या वर्षांत मास्तर एकदाही बाद झाले नव्हते.

बेकरीचा रस्ता आला. बाईंचे केस पांढरे झाले होते. त्यांना पाहताच बाई सावरून बसल्या आणि वाजवू लागल्या.

टाचण्या, वाफ, नव्या कापडाचा वास, सगळं दुकान रस्त्यावर उतरलं. वळण चार पावलांवर आलं. मेहुणे जन्मभर बोलणार होते.

मास्तर थांबले.

“काका, बसता का?” मागून ड्रायव्हरने विचारलं. “नाहीतर बाद व्हाल.”

“होऊ दे बाद. जा तू.”

गाडी वळून गेली. मास्तर मागे फिरले आणि बाईंच्या समोर येऊन उभे राहिले. चाल चढत गेली, रंगात आली. वडिलांचा दोरा जिथे तुटायचा, त्या जागी पोचली.

आणि बाईंनी हात थांबवला.

मास्तरांना वाटलं, भाता भरून घेत असतील. त्यांनी वाट पाहिली. बाईही त्यांच्याकडे बघत राहिल्या, पोरीसारख्या उत्सुक डोळ्यांनी.

“पुढे?” मास्तर म्हणाले. “बाई, पुढे वाजवा ना.”

“मी?” बाई हसल्या. “अहो, धावणाऱ्याला अडवायचं नाही अशी आम्हाला सक्त ताकीद, म्हणून इतकी वर्षं गप्प बसले. पहिल्या शर्यतीत तुम्ही ही चाल गुणगुणत माझ्यासमोर नाडी बांधायला थांबलात आणि नेमके इथवर येऊन गप्प झालात. मला वाटलं, दम लागला असेल. तेव्हापासून दरवर्षी तुम्ही दिसलात की एवढीच वाजवते, म्हटलं, कधीतरी पुढची गुणगुणाल.”