दुखायचं थांबलं

"मग सापडली का चूक?" मधल्या खुर्चीतल्या सर्जन बाईंनी विचारलं.

टेबलापलीकडे तिघं डॉक्टर बसले होते. अलीकडे एकटा लिफ्ट मेकॅनिक. वय एकोणचाळीस. मेडिकल कॉलेजच्या मुलाखतीला आलेली बाकीची पोरं त्याच्या निम्म्या वयाची होती. सकाळी एकीने तर त्याला सांगितलं होतं, "काका, पालकांनी तिकडे बसायचंय." तो निमूटपणे पालकांच्या बाकावर, सासऱ्यांशेजारी, जाऊन बसला होता.

बाईंचं बोट त्याच्या अर्जातल्या एका ओळीवर होतं. 'पत्नीच्या मृत्यूची फाईल समजावी म्हणून अभ्यास सुरू केला.'

चार वर्षांपूर्वी त्याची बायको पोटदुखीने गेली. हॉस्पिटलात नेल्यावर ऑपरेशन झालं, आणि दीड दिवसात सगळं संपलं. हा डॉक्टरांचा हलगर्जीपणा, असं सासऱ्यांनी त्याच दिवशी ठरवून टाकलं. अर्जांवर अर्ज करून त्यांनी फाईल मिळवली आणि जावयापुढे ठेवली. त्याला त्यातलं ओ की ठो कळेना.

"शिका," सासरे म्हणाले. "बाहेरून ओरडणाऱ्याचं कोण ऐकतं? तुम्ही आतलेच व्हा. मग बघू, कोण काय लपवतंय."

म्हणून तो शिकायला बसला. ड्यूटी संपली की इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत, मोटरच्या घरघरीत, शाळेत सुटलेलं रसायनशास्त्र त्याने पहिल्यापासून केलं. दोन वेळा प्रवेश परीक्षेत आपटला. कामावरचे त्याला 'डॉक्टरसाहेब' म्हणून चिडवायचे. सासरे मात्र कधी हसले नाहीत. नातीला शाळेत सोडणं, आणणं, तिचा डबा, तिच्या वेण्या, सगळं त्यांनी अंगावर घेतलं. एक वेणी वर, एक खाली, अशी ती शाळेत जायची. तिसऱ्या खेपेला तो पास झाला.

"सापडली," तो बाईंना म्हणाला.

डावीकडचे डॉक्टर सावरून बसले. "कोणाची?"

"माझी."

त्याने सांगायला सुरुवात केली. दोन दिवस तिचं पोट दुखत होतं. त्याने दुकानातून गॅसची गोळी आणून दिली. कामावर दोन लिफ्ट बंद पडल्या होत्या, रजा मिळणार नव्हती. रविवारी दाखवू, असं तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचं दुखायचं एकदम थांबलं. "बघ, सांगत नव्हतो?" असं म्हणून तो पोटभर जेवला. सकाळी ती तापाने फणफणली होती.

पुढे अभ्यासात अपेंडिक्सचं प्रकरण आलं. दुखणं अचानक थांबलं तर बरं वाटलं असं धरू नये, आत फुटलेलं असू शकतं, असं तिथे छापलेलं होतं. त्याने ते वाक्य तीनदा वाचलं. मग फाईल उघडून एकेक तारीख, एकेक वेळ ताडून पाहिली. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं होतं, आणि वेळेत केलं होतं. त्यांच्या हाती ती फार उशिरा लागली होती.

"हे कळून किती दिवस झाले?" बाईंनी विचारलं.

"दोन वर्षं."

"म्हणजे दोन वर्षांपूर्वीच तुमचं काम संपलं होतं. तरी शिकत राहिलात?"

तो आपल्या नखांतल्या ग्रीसकडे बघत राहिला. "दुखायचं थांबलं की घरात सगळ्यांना हायसं वाटतं, बाई. त्या वेळी जवळपास एक तरी माणूस असा हवा, ज्याला हायसं वाटणार नाही."

बाईंनी अर्जावरचं बोट उचललं.

दुपारी यादी लागली. त्याचं नाव शेवटून तिसरं होतं. सासरे चष्मा कपाळावर सरकवून, नाक कागदाला लागेल इतके जवळ उभे होते.

"शिरलात आत, जावईबापू!" ते म्हणाले. "आता सोडायचं नाही. माझ्या पोरीला कोणी मारलं, ते नाव मी डोळे मिटायच्या आत मला कळलं पाहिजे."

आसपास मुलं एकमेकांना मिठ्या मारत होती, कोणाची आई रडत होती. दोन वर्षं जे घरी बोलता आलं नाही, ते तो मघाशी तीन परक्या माणसांसमोर बोलून आला होता. त्याने सासऱ्यांचा हात धरून त्यांना जिन्याखालच्या बाकावर नेलं.

"हॉस्पिटलची चूक नव्हती, बाबा," तो म्हणाला. "उशीर घरात झाला. माझ्यामुळे."

मग गोळी, बंद लिफ्ट, रविवार, सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही. आता म्हातारा थोबाडीत मारेल, नातीला उचलून घेऊन जाईल, असं त्याला वाटलं. तो खाली मान घालून वाट बघत राहिला.

सासऱ्यांनी चष्मा काढला.

"दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मला फोन केला होता," ते म्हणाले. "म्हणाली, बाबा, हे ऐकत नाहीत, तुम्ही या आणि मला डॉक्टरकडे न्या. मी म्हटलं, नवरा सांगतोय ना गॅस आहे म्हणून, मग उगाच नाटकं करू नकोस."