कोपऱ्यातलं कडं

कड्यातलं पाणी हलायचं नाव घेईना.

हातभर रुंद लोखंडी कडं तिने स्वतः जमिनीत ठोकलं होतं आणि त्यात पाण्याचा अख्खा कॅन ओतला होता. दहा मिनिटं झाली. पाणी होतं तिथेच, ढिम्म.

"काय नकाशेवाल्या बाई?" दादा मिशीत हसला. "तुमचा उपग्रह म्हणतो, गावाचं पाणी इथूनच मुरतं. उपग्रहाला चष्मा लागला वाटतं!"

उपग्रहाने टिपलेली तीन वर्षांची चित्रं एकावर एक ठेवून तिने नकाशा केला होता. भर उन्हाळ्यातही खालचा उतार ओलसर दिसे, आणि त्या ओलीचा माग निघे तो या माळापर्यंत. नकाशा मंजूर झाला की इथे बांधकाम बंद. माळ दादाचा होता. त्याच्या गोदामाच्या पायाच्या आखणीसाठी चुन्याची फक्कीही मारून झाली होती. पाणी मुरतं का, हे बघायची आजची चाचणी फसली, तर नकाशातून माळ बाद.

तिला घाम फुटायला हवा होता. पण तिचा आपल्या कामावर विश्वास होता, आणि भावाला ती लहानपणापासून ओळखत होती. तिने वाकून मातीवर तळहात फिरवला. फरशीसारखी गुळगुळीत.

"दादा, रोलर कधी फिरवलास?"

"मी? छे! म्हणजे, परवा. जरा सपाट केलं, इतकंच."

कडं उपटून ती तडक कुंपणाच्या कोपऱ्यात गेली. दाबलेली जमीन पाणी घेत नाही आणि रोलर कोपऱ्यात शिरत नाही, हे कंत्राटदाराच्या बहिणीला कोणी सांगायला नको. तिथे कडं ठोकलं, पाणी ओतलं. तिने घड्याळ लावेपर्यंत निम्मं गायब.

"थांब, मी ओततो." दादाने कॅन हिसकावला. दुसरा गेला, तिसराही गेला. तो गुडघ्यांवर बसून बघतच राहिला, गोदाम विसरल्यासारखा.

"जातं कुठे एवढं?"

तिने उताराकडे बोट केलं. "तिकडे. पहिली बोअर कोणाची लागते, बघ."

खाली त्याच्याच घराच्या गच्चीवरची टाकी भरून वाहत होती. रोजच वाहायची.

दादाने फोन काढला.

"अगं, मोटर बंद कर आधी!" तो बायकोवर खेकसला. "पाणी वाया चाललंय!"